उजवी बाजू बसते, म्हणून उजवी बॅग फुटकी?

प्रश्न : माझ्याकडे मागे कॉइल स्प्रिंग असलेली फोर बाय फोर आहे. आधीच्या मालकाने सस्पेन्शन बदलून ती दोन इंच उचलून घेतली होती. मागे खणांचा लाकडी खोका, उजव्या अंगाला फ्रिज आणि ६० लिटरची पाण्याची टाकी, टपावर तंबू आणि अधूनमधून ट्रेलर. एवढं भरलं की गाडी मागे टेकायची, म्हणून कॉइलच्या आत बसणाऱ्या एअरबॅग (हवा भरून गाडी उचलणाऱ्या पिशव्या) आणून एका रविवारी मी स्वतःच बसवल्या. दोन्ही बॅगांना टी (तीन तोंडांचा सांधा) लावून हवा भरायचा एकच व्हॉल्व्ह बंपरपाशी काढला. संध्याकाळी २५ पौंड हवा भरली की गाडी छान सरळ दिसते. सकाळी मागून बसलेली असते आणि त्यातही उजवी बाजू जास्त. उजवी बॅग फुटकी समजून नवी आणून घातली, तरी तेच. मेकॅनिक म्हणतो, ५० पौंड भरा म्हणजे सकाळपर्यंत पुरेल. मेव्हण्यांच्या पिकअपची चासी अशाच बॅगा लावल्यावर वाकली, त्यामुळे ते म्हणतात, काढून फेकून दे. वळणावर गाडी आधीपेक्षा जास्त झुकते आणि खड्ड्यातून जाताना मागून चुंई चुंई आवाज येतो. नक्की चुकतंय कुठे?

उत्तर : मेकॅनिकचं आधी बघू, कारण त्यात नुकसान आहे. ५० पौंड अजिबात भरू नका. कॉइलच्या आत बसणाऱ्या नेहमीच्या बॅगांची कमाल मर्यादा ३० ते ३५ पौंडांच्या आसपास असते. तुमच्या संचाबरोबर आलेल्या कागदावर आकडा छापलेला असेल, तोच अंतिम. १०० पौंडांपर्यंत हवा घेणाऱ्या बॅगाही असतात, पण त्या वेगळ्या. मागे पाट्यांची स्प्रिंग (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाडीला अ‍ॅक्सल आणि चासीच्या मधे उभ्या बसतात, जाड रबराच्या, वर-खाली लोखंडी तबकड्या असलेल्या. मेकॅनिकने ऐकलेला आकडा बहुधा तिथला आहे. शिवाय हवा जिथून जातेय तिथून ती ५० पौंडांना आणखी जोरात जाणार.

आता तुमच्या पत्रातली दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. एक, दोन्ही बॅगा टीने जोडल्या आहेत. दोन, उजवी बाजू जास्त बसते म्हणून उजवी बॅग बदलली. टी लावल्यावर तुमच्या गाडीत दोन बॅगा राहिल्याच नाहीत. नळीने जोडलेली एकच बॅग आहे. छिद्र डावीकडे असो, उजवीकडे असो, टीमध्ये असो की बंपरच्या व्हॉल्व्हमध्ये, हवा दोन्हीकडून सारखीच उतरणार. कुठली बाजू खाली गेली यावरून गळती कुठे आहे ते कळायला काही मार्गच नाही.

मग उजवीच बाजू खाली का? कारण उजवीकडे वजन जास्त आहे. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो, वर फ्रिज आणि त्यातला माल. दोन्ही बॅगांत दाब सारखा म्हटल्यावर दोन्ही बॅगा सारख्याच जोराने वर ढकलतात. म्हणजे टीवाल्या बॅगा गाडी उचलतात, पण कललेली गाडी सरळ करत नाहीत. माझा अंदाज असा की तुमची गाडी संध्याकाळीसुद्धा उजवीकडे तेवढीच कललेली असते, फक्त मागून उचललेली असल्यामुळे डोळ्याला सरळ वाटते. टेप घ्या. सपाट जागी गाडी उभी करा आणि चाकाच्या हबच्या मध्यापासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं माप लिहून ठेवा. संध्याकाळी हवा भरल्यावर एकदा आणि सकाळी एकदा. दोन्ही वेळचा डाव्या-उजव्यातला फरक सारखाच निघाला तर कलण्याचा आणि गळतीचा एकमेकांशी संबंध नाही. दोन वेगळी दुखणी आहेत. फरक रात्रीतून खरोखरच वाढला असेल, तर मात्र डावीकडची नळी कुठेतरी चेपलेली आहे आणि डावी बॅग आपली हवा धरून एकटी बसली आहे, असं समजा. त्या परिस्थितीत आधी डावी नळी हाताने चाचपत शेवटपर्यंत जा.

काहीही निघो, पहिलं काम टी काढून टाकण्याचं. प्रत्येक बॅगेला स्वतःची नळी आणि स्वतःचा व्हॉल्व्ह द्या. बहुतेक संचांत दोन व्हॉल्व्ह येतातच. लोक नळी आणि भोक पाडायचा त्रास वाचवायला टी वापरतात. वेगळ्या नळ्या झाल्या की उजवीकडे पाच-सात पौंड जास्त भरून ती टाकी आणि फ्रिज तोलता येतील. वळणावरचं झुकणंही कमी होईल. लांब वळणावर बाहेरची बॅग दबते आणि तिच्यातली हवा नळीतून आतल्या बाजूच्या बॅगेत जाते, म्हणजे ज्या बाजूला आधार हवा तिथला निघून जातो आणि नको तिथे मिळतो. त्यात तुमच्या टपावर तंबू. दगडधोंड्यांच्या वाटेवर चाकं मोकळी वर-खाली व्हावीत म्हणून काही जण मुद्दाम टी ठेवतात, आणि त्यांचं त्यापुरतं बरोबरही आहे, पण एवढं सामान भरून रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीला मी टी सुचवणार नाही.

तिसरा फायदा असा की गळती कुठल्या बाजूला आहे हे त्याच रात्री कळेल. त्यासाठी एक पथ्य पाळा. रात्री हवा भरून माप घेतल्यावर सकाळपर्यंत गेज लावून बघू नका. या बॅगांत हवा मावते ती लिटर-सव्वा लिटर. टायरला गेज लावताना फुस्स करून जी हवा जाते ती टायरच्या खिजगणतीतही नसते, पण तेवढ्याच फुस्सने बॅगेतले दोन-तीन पौंड उतरतात. दिवसातून चार वेळा गेज लावून ‘हवा जाते, हवा जाते’ म्हणणारे मी पाहिले आहेत. ती हवा त्यांनीच काढलेली असते. दुसरं म्हणजे थंडावा. संध्याकाळी ३५ अंशांना २५ पौंड भरलेली बॅग पहाटे २० अंशांना २३च्या आसपास दिसेल. तिथे गळती नाही, हवा आकसली एवढंच. त्यामुळे सकाळी आधी टेपने माप घ्या आणि मग एकदाच गेज लावा.

ज्या बाजूची हवा उतरली ती बाजू साबणाच्या पाण्याने तपासायची. भांडी घासायचा साबण, थोडं पाणी आणि रंगाचा बारीक ब्रश. बॅगेत कागदावरच्या मर्यादेत राहून भरपूर हवा भरा, कारण कमी दाबाला बारीक गळती बोलत नाही. सुरुवात नेहमी व्हॉल्व्हपासून करा. टायरच्या व्हॉल्व्हसारखीच आत पिन असते, तिच्यावर धुळीचा एक कण अडकला तरी रात्रभरात काम होतं. पिन घट्ट करा, नाहीतर बदला, आणि वर टोपी लावा. ती टोपी शोभेची नाही, व्हॉल्व्ह बंपरखाली चिखलाच्या थेट माऱ्यात असतो. मग नळीचे सांधे. आणि इथे घाई करू नका. मोठी गळती लगेच फुगे काढते, पण रात्रभरात बॅग उतरवणारी गळती दुधावरच्या फेसासारखी असते. पांढरा, दाट, मोहरीएवढ्या फुग्यांचा ठिपका सांध्याच्या कडेला हळूहळू जमतो, आणि तो दिसायला दोन-तीन मिनिटं लागतात. ब्रश फिरवून पुढे गेलात तर हुकलाच.

माझी पैज नळीच्या टोकावर आहे. नळी कशाने कापलीत? पक्कडीने किंवा वायर कापायच्या कटरने कापली असेल तर टोक समोर धरून बघा. गोल नसेल, लंबगोल झालेलं असेल, आणि कड एका बाजूला तिरकी. सांध्याच्या आत एक बारीक रबरी रिंग असते, ती नळीच्या बाहेरच्या अंगाला चहूबाजूंनी टेकली तरच हवा अडते. लंबगोल नळीला ती दोन बाजूंनी टेकते आणि दोन बाजूंनी सुटते. धारदार पात्याने, एकाच दाबात, अगदी काटकोनात कापा. पातं करवतीसारखं मागेपुढे करू नका. टोकाजवळ उभा ओरखडा असेल तर तेवढा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा उडवून पुन्हा कापा, कारण नळीच्या लांबीतला ओरखडा म्हणजे हवेला काढून दिलेला पाटच.

दाबून बसवायच्या सांध्यात आणखी एक फसगत होते. नळी आत घातली की थोड्या अंतरावर अडते. लोक तिथे थांबतात, ओढून बघतात, निघत नाही, म्हणजे बसली असं समजतात. पण ती फक्त पकडणाऱ्या दातांत बसलेली असते, रबरी रिंग अजून पुढे असते. आणखी जोर लावला की नळी खच्‌कन पुढे सरकते आणि तळाला टेकते. पाव इंची नळी साधारण १४ मिलिमीटर आत जायला हवी. कापल्यावर टोकापासून १४ मिलिमीटरवर पेनाने खूण करून घ्या आणि खूण सांध्याच्या तोंडाशी आली की नाही ते बघा. तुमच्या बॅगेला देठ असेल आणि त्यावर नळी चढवून वर क्लिप लावायची असेल, तर नळी देठाच्या मुळापर्यंत गेली पाहिजे आणि क्लिप देठाच्या खाचांवर बसली पाहिजे. ती काढताना पात्याने उभी चिरू नका. पातं देठाला लागतं, तिथे चर पडतो आणि मग नवी नळीही गळते.

हे सगळं कोरडं निघालं तरच बॅगेकडे वळा. बॅग बाहेर काढून बादलीत बुडवायची झाली तर आकार धरेल एवढीच हवा भरा. स्प्रिंगच्या बाहेर तिला आवरणारं काही नसतं, तिथे २५ पौंड भरणं धोक्याचं आहे. छिद्र सापडलं तर चिकटपट्टी, ट्यूबचं पंक्चर असले उद्योग नकोत. बॅग सतत दबते आणि सुटते, तिथे ठिगळ धरत नाही.

गळतीइतकाच मला तुमच्या गाडीचा दोन इंचांचा लिफ्ट खटकतोय. बॅगा घेताना गाडीचं मॉडेल सांगून घेतल्यात की उचललेली आहे हेही सांगितलंत? मूळ उंचीच्या गाडीची बॅग उचललेल्या गाडीच्या कॉइलमध्ये आखूड पडते. चाक खड्ड्यात लटकलं की कॉइल लांबते, बॅग एका बाजूला पडते, आणि चाक परत वर आलं की तिची कड दोन वेढ्यांच्या चिमट्यात सापडते. बॅग काढलीत की बाहेरच्या अंगावर बोट फिरवा. चंद्रकोरीसारखे वळ किंवा चावल्यासारख्या खुणा दिसल्या तर हेच घडतंय. उपाय म्हणजे उचललेल्या गाडीसाठीची लांब बॅग, किंवा संच बनवणाऱ्यानेच दिलेले पोकळी भरणारे ठोकळे. गाडी आपल्या चाकांवर उभी असताना वरच्या बैठकीपासून खालच्या बैठकीपर्यंत कॉइलच्या आतली उंची मोजा आणि ते माप सांगून बॅग मागवा.

बॅग पुन्हा बसवायची वेळ येईलच, म्हणून दोन गोष्टी. गाडी चासीवर स्टँड लावून उभी करा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका, आणि पुढच्या चाकांना ओंडके लावा, कारण मागची चाकं उचलली की हँडब्रेक कामाचा राहत नाही. अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक घेऊन शॉकअपचे खालचे बोल्ट सोडवा आणि अ‍ॅक्सल हळूहळू खाली घ्या. पूर्ण वेळ नजर ब्रेकच्या रबरी पाइपवर, एबीएसच्या वायरवर आणि डिफच्या (मागच्या गिअरच्या डब्याच्या) श्वासनळीवर. यातलं काही ताणलं गेलं की थांबा. कॉइलच्या आत बंपस्टॉपचं, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का घेणारं रबर असेल तर ते काढायचं की कापायचं हे कागदावर असतं. काढल्यावर त्याच्या लोखंडी बैठकीची कड चाचपून बघा. ती धारदार असेल तर कानशीने गोल करा. नव्या बॅगा आठवड्यात फुटण्याचं हे एक ठरलेलं कारण आहे. बॅग कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली की मऊ होते, मग आतली हवा पिळून काढून, देठाला टोपी लावून चपटी करायची, उभी घडी घालायची आणि वेढ्यांमधून आत सरकवायची. आत गेल्यावर टोपी काढली की ती स्वतःच हवा ओढून आकार घेते. ती सरळ उभी आहे, देठ भोकाच्या बरोबर समोर आहे आणि नळी देठापाशी मोडून वळलेली नाही, एवढं बघा. अ‍ॅक्सल लटकलेला असताना बॅग फुगवू नका. गाडी चाकांवर टेकेपर्यंत पाचेक पौंड बस झाले.

नळी नेताना सायलेन्सरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर. मी एकदा सोयीचा म्हणून सायलेन्सरच्या वरून रस्ता काढला होता. तासभर घाट चढल्यावर गाडी मागून टेकली. नळी वितळून मेणबत्तीसारखी ओघळली होती. जागाच नसेल तर मधे पत्र्याचं उष्णतारोधक कवच लावा. नळीला चासीच्या पत्र्याच्या कडेवर घासू देऊ नका, भोकातून नेत असाल तर रबरी ग्रोमेट घाला, आणि देठ खालच्या बाजूला असेल तर अ‍ॅक्सल पूर्ण लटकेल एवढी ढील ठेवा. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळताना हात राखून, कारण पट्टीनेच नळी चेपणारे कमी नाहीत. चेपलेली नळी ओळखायची सोपी रीत म्हणजे पंपाचे एक-दोनच झटके मारल्यावर काटा टुणकन ३० वर गेला आणि गाडी मात्र हलली नाही, तर हवा बॅगेपर्यंत पोचतच नाही. म्हणून मी हवा सायकलच्या पंपाने भरतो. मोठ्या कॉम्प्रेसरने लिटरभराची बॅग डोळ्याचं पातं लवेपर्यंत मर्यादेच्या पलीकडे जाते.

चुंई चुंई आवाज म्हणजे बहुधा बॅग आणि कॉइलच्या मधे अडकलेला चिखल किंवा वाळू. पाण्याच्या धारेने आतून-बाहेरून धुवा. ग्रीस, ऑइल किंवा डिझेल लावू नका. आवाज आठवडाभर जाईल, पण त्यावर धूळ चिकटून पॉलिश पेपर तयार होईल. अधूनमधून धुवायची सवय ठेवा, आणि चिखलातून किंवा नदीच्या पात्रातून आल्यावर नक्की.

हवा किती भरायची? आकड्यापासून सुरू करू नका, उंचीपासून करा. रिकाम्या गाडीचं हब ते मडगार्ड माप घ्या. नंतर सगळं सामान, पाणी, माणसं भरा आणि हवा भरत भरत रिकाम्या मापाच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खालीच थांबा. रिकाम्या गाडीपेक्षा उंच कधीच नाही. गाडी मागून वर गेली की चाकांना खाली जायला जागा उरत नाही आणि प्रत्येक उंचवट्यानंतर शॉकअप टोकाला जाऊन ठोकतो. सामान उतरवलं की हवाही उतरवायची, पण शून्यावर नाही. पाच पौंड कायम राहिले पाहिजेत, नाहीतर सैल बॅग वेढ्यांत सापडते. तुमची हवा रोज रात्री उतरतेय आणि सकाळी तुम्ही तशीच गाडी काढत असाल, तर बॅगांवर चावल्याच्या खुणा असणारच.

आता वजनाचं बोलू, कारण मेव्हण्यांचा मुद्दा तिथे आहे. हवेचे पौंड म्हणजे पीएसआय, दर चौरस इंचाला इतके पौंड. नऊ सेंटिमीटर व्यासाची बॅग धरली तर तिचं क्षेत्रफळ दहा चौरस इंचांना थोडं कमी. २५ पौंडांना एक बॅग ढोबळमानाने ११० किलो पेलते, ३५ला दीडशे. दोन्ही मिळून फार तर तीनशे किलोंची मदत. पण गाडीवर लिहिलेली मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा, टायरची मर्यादा, ब्रेक, चासी, यातलं एकही बॅगेने एक किलोने वाढत नाही. टेकलेली गाडी निदान ओरडून सांगते की जास्त झालं. बॅग तिला गप्प करते. म्हणून एकदा भरलेली गाडी काट्यावर न्या, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगळा तोला आणि पाटीवरच्या आकड्यांशी ताडून बघा. मर्यादेच्या आत असाल तर बॅगा खुशाल वापरा. बाहेर असाल तर सामान कमी करणं हाच उपाय आहे, आणि तुमच्या यादीत मला तो लाकडी खोका आधी दिसतो.

मेव्हण्यांची पिकअप मागे पाट्यांची असणार. तिथे त्यांचं दुःख खरं आहे. पाटे आपलं ओझं चासीला दोन जागी देतात, पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला, दोहोंत मीटरभराहून जास्त अंतर. मधोमध बॅग उभी केली की तेच ओझं चासीच्या एका ठिकाणी येतं, बरोबर अ‍ॅक्सलच्या वर. त्यात हौद मागच्या बाजूला भरलेला, हिचवर (ट्रेलर जोडायच्या आकड्यावर) ट्रेलर, रस्ता खराब, आणि बॅग दगडासारखी फुगवलेली, म्हणजे चासी त्या टेकूवरून मागे वाकायला मोकळी. तुमच्या कॉइलच्या गाडीत बॅग स्प्रिंगच्याच बैठकीवर बसते, जिथे चासीला ओझं घ्यायची मुळापासून तयारी असते, त्यामुळे तो विशिष्ट धोका तुम्हाला तसा नाही. मेव्हण्यांना मात्र सांगा की त्यांच्या गाडीला योग्य वजनाचे पाटे करून घेणं बॅगांपेक्षा चांगलं.

ट्रेलरबद्दल तुम्ही ओझरतंच लिहिलंय, पण बॅगांनी सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. समजा, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर पावणेतीन मीटर, हिचचा गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या १.१ मीटर मागे, आणि गोळ्यावर १०० किलो. मागच्या अ‍ॅक्सलवर १०० नाही, १४० किलो येतात, आणि वरचे ४० पुढच्या चाकांवरून उचलले जातात. बॅगा फुगवून गाडी सरळ केलीत तरी ते ४० किलो पुढे परत जात नाहीत. स्टीअरिंग हलकं लागत असेल, पुढचे ब्रेक आधी घसरत असतील, तर ट्रेलरमधलं सामान पुढे-मागे करून गोळ्यावरचं वजन बघा, पण ते इतकंही कमी करू नका की ट्रेलर शेपूट हलवायला लागेल.

आणखी एक जागा तपासा, तिच्याकडे कुणीच बघत नाही. जुन्या धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर गाडीच्या उंचीवरून ठरतो. अ‍ॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला दांडी जोडलेली असते. गाडी खाली बसली की व्हॉल्व्ह समजतो माल भरलाय, आणि मागे जास्त जोर देतो. बॅगांनी गाडी उचलली की त्या बिचाऱ्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात, नेमके भरलेल्या गाडीत. तुमच्या गाडीत अशी दांडी असेल तर लिफ्ट करतानाच ती नव्याने जुळवायला हवी होती. आधीच्या मालकाने ते केलं असेल यावर मी विसंबणार नाही. ब्रेकचं काम जाणणाऱ्याकडून बघून घ्या. बॅगा फुगवलेल्या असताना हेडलाइटही एकदा भिंतीवर पाडून बघा.

तर या रविवारी टी काढा, दोन व्हॉल्व्ह लावा, नळीची टोकं नवी कापा, रात्री माप घेऊन झोपा. आणि ती काढलेली जुनी उजवी बॅग कोपऱ्यात असेल तर टाकू नका. तिच्यावर चावल्याच्या खुणा नसतील, तर ती बहुधा धडधाकट आहे.